बरोबरी मोडण्याचा अधिकार

हरण्याची सवय माणसाला लवकर लागते. समोरचा आपल्याहून सरस होता हे मनाने एकदा मान्य केले की पराभवाची धार बोथट होते. परंतु आपण कोणाहून तसूभरही कमी नव्हतो, असे वहीत लिहिलेले असताना तीच वही हातात घेऊन कोणी आपल्याला पराभूत ठरवावे, ही गोष्ट पचवण्याची सवय मात्र जन्मभर लागत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या पराभवाविषयी आहे. तो लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच की असा एक पराभव आमच्याच हातून एका भल्या माणसाच्या माथी मारला गेला.

प्रसंग सिहोऱ्याचा. सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, धानाच्या मुलखातले गाव. चांदपूरचा जलाशय जवळ, आणि बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. येथे उन्हाळी धानाची कापणी आणि आयपीएलचा मोसम जवळजवळ एकाच सुमारास येतात. दिवस बांधीत जातो आणि रात्र मोबाईलच्या पडद्यासमोर. या रात्रींना काही आकार यावा म्हणून आम्ही आठ जणांनी एक 'फँटसी लीग' सुरू केली. ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोसमाच्या आरंभी एका संध्याकाळी बसून खऱ्या खेळाडूंचा लुटुपुटीचा लिलाव करायचा, प्रत्येकाने आपापला कागदी संघ बांधायचा, आणि मग खऱ्या सामन्यांत त्या खेळाडूंनी काढलेल्या धावांचे, घेतलेल्या बळींचे आणि झेलांचे गुण आपल्या संघाच्या नावे मांडायचे. कर्णधार नेमलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट. सात आठवडे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकेक लढत, आठव्या आठवड्यात पहिल्या चार जणांच्या उपांत्य लढती, नवव्यात अंतिम. पैसा कोणीही लावायचा नाही. शेवटच्या क्रमांकाने सर्वांना तर्री-पोहे खाऊ घालायचे आणि पहिल्याने वर्षभर 'अध्यक्ष' म्हणवून घ्यायचे, एवढाच काय तो व्यवहार. वही आमच्याकडे.

२०२४ च्या मोसमात उपांत्य लढतीत दोघांचे गुण अगदी समान झाले. एक शेतकरी, साखळीत पहिले आलेले. दुसरे गुरुजी, चौथे आलेले. दोघांच्या शेतांना एकच धुरा. अंतिम फेरीला जागा एकाचीच, आणि बरोबरी झाली तर काय करायचे याविषयी आमच्या वहीत एक अक्षरही नव्हते. मग जे व्हायचे तेच झाले. शेतकरी म्हणाले, साखळीत आम्ही पहिले, आम्हाला पुढे जाऊ द्या. गुरुजी म्हणाले, साखळीत आमची-तुमची लढत झाली ती आम्ही जिंकली होती. तिसऱ्या कोणी शून्यावर बाद झालेले फलंदाज मोजण्याची सूचना केली. चौथ्याने मतदान घेण्याची केली, आणि त्या क्षणी प्रत्येकजण अंतिम फेरीत आपल्याला कोण सोयीचा पडेल याचा हिशेब करू लागला, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. रात्री साडेअकरा वाजता आम्ही, वही राखणारे म्हणून, निकाल दिला: ज्याच्या कर्णधाराचे गुण अधिक, तो पुढे. आमच्या दृष्टीने हा निकष फार शास्त्रशुद्ध होता. कर्णधार निवडण्यात पारख लागते, आणि हा खेळ पारखीचाच. गुरुजी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी शेतकरी भेटले तेव्हा रागावलेले नव्हते. एवढेच म्हणाले, "हारलो याचं काही नाही जी. गुरुजी जिंकले, चांगलं झालं. पण हा नियम काल राती जन्मला, अन् जन्मल्याबरोबर माह्याच घरी आला." त्यानंतर त्यांनी लीग सोडली. धुऱ्यावर गुरुजींशी होणारे बोलणेही कामापुरते उरले. एका लुटुपुटीच्या खेळाने दोन शेजाऱ्यांमध्ये आणलेले हे अंतर आम्हाला तेव्हा अतिरेकी वाटले होते. आज वाटत नाही.

कारण त्या वाक्यात आमच्या निकालावरचा खरा आक्षेप होता, आणि तो आमच्या निकषावर नव्हताच. तो निकषाच्या जन्मवेळेवर होता. बरोबरी मोडण्याचा नियम मोसमाच्या आरंभी ठरतो तेव्हा तो कोणाच्या पथ्यावर पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तेव्हाचा आपला आग्रह हा निदान न्यायाविषयीचा असू शकतो. बरोबरी झाल्यानंतर मात्र प्रत्येक निकषावर आधीच एक नाव लिहिलेले असते. साखळीतील क्रमांक म्हटले की शेतकरी, आपसांतील लढत म्हटले की गुरुजी, कर्णधार म्हटले की पुन्हा गुरुजी. अशा वेळी आपण 'नियम निवडतो' असे म्हणतो ती स्वतःची फसवणूक असते; आपण माणूस निवडत असतो. आमचा हेतू निर्मळ होता हे आम्ही शपथेवर सांगू, पण हेतूच्या निर्मळपणाने त्या निकालात काहीही फरक पडत नाही. धुऱ्याची गोष्ट आमच्या भागात सर्वांना समजते: धुरा पेरणीपूर्वी घालायचा असतो. पीक उभे राहिल्यावर घातलेला धुरा दोरीने कितीही सरळ आखलेला असो, तो कोणाचे तरी पीक कापूनच जातो.

आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध खेळाचा वाद असाच आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न फाशांच्या लबाडीविषयीचा नव्हता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला, असे तिने विचारले. म्हणजे प्रश्न क्रमाचा आणि अधिकाराचा होता. स्वतःला हरलेल्याला पणास लावण्याचा हक्क उरतो काय, याचे उत्तर खेळापूर्वी कोणी ठरवलेले नव्हते. ते नंतर विचारले गेले तेव्हा भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही धर्माची गती सूक्ष्म आहे, याहून निश्चित काही सांगता आले नाही. पोह्यांच्या पैजेला महाभारताची उपमा देण्याचा आमचा मुळीच मानस नाही. सांगायचे इतकेच की डाव संपल्यावर नियम शोधायला बसलेल्या सभेत शहाणी माणसेही निरुपयोगी होतात.

येथे कोणी म्हणेल, मग नियम आधी लिहून ठेवला की भागले. तसेही नाही. आधी लिहिलेला नियम वैध ठरतो. शहाणा ठरतोच असे नाही. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या; सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५. मग चौकार-षटकार मोजले गेले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. विश्वचषक इंग्लंडला. नियम स्पर्धेपूर्वी छापलेला होता, म्हणून न्यूझीलंडने तो मानला, आणि त्यांच्या मानण्यातच त्यांची थोरवी दिसली. पण नियम शहाणा होता काय? पळून काढलेल्या चार धावा आणि सीमापार गेलेल्या चार धावा धावफलकावर समान असतात. सामना ज्यात भेद करत नाही त्यात निकालाने भेद केला. जे करायला कोणी सांगितले नव्हते त्यात तुम्ही कमी पडलात, असे तो निकाल पराभूताला सांगत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने हा नियम बदलला, आणि उपांत्य व अंतिम सामन्यांत निर्णय लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवण्याचे ठरवले. बदल पुढच्यासाठी केला, मागचा निकाल उकरला नाही. नियम दुरुस्त करण्याची रीत हीच.

याहून सूक्ष्म उदाहरण २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकातले आहे. जपान आणि सेनेगल यांचे गुण समान, गोलफरक समान, केलेले गोल समान, आपसांतील सामनाही बरोबरीत. अखेर पिवळी कार्डे मोजली गेली: जपानची चार, सेनेगलची सहा. जपान बाद फेरीत गेला. परंतु आपल्या अखेरच्या साखळी सामन्यात जपान पोलंडविरुद्ध एका गोलने मागे होता, आणि समांतर सामन्यात सेनेगलही मागे पडल्याचे समजल्यावर शेवटची काही मिनिटे जपानी खेळाडू चेंडू आपसांतच फिरवत राहिले. हरत असलेला संघ बरोबरीसाठी धडपडत नव्हता. कार्ड मिळू नये म्हणून जपून होता. बरोबरी मोडण्याचा नियम केवळ बरोबरी झाल्यावर जागा होतो, असे नाही. तो आधीपासून खेळाडूंच्या डोक्यात वस्ती करतो आणि खेळाला आपल्या बाजूला वळवतो. म्हणून नियम निवडताना विचारायचा प्रश्न असा: लोक या निकषाच्या मागे लागले, तर खेळ सुधारेल की बिघडेल? इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालणाऱ्या प्रसिद्ध फँटसी स्पर्धेत एकूण गुण समान झाले तर ज्याने मोसमभर कमी खेळाडू बदलले तो वरचढ मानला जातो. हा निकष आम्हास आवडतो. त्याच्या मागे लागणारा माणूस आपल्या पहिल्या निवडीवर अधिक विचार करील, एवढेच.

आपल्या देशी खेळांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. खो-खोत जादा डावानंतरही गुण समान राहिले तर लघुत्तम आक्रमणाचा अवलंब होतो: पहिला गडी कोण कमी वेळात बाद करतो ते पाहायचे. कबड्डीत बाद फेरीतील बरोबरी पाच-पाच चढायांनी सोडवतात. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. बरोबरी मोडायची ती त्याच खेळाच्या छोट्या आवृत्तीने, बाहेरून आणलेल्या हिशेबाने नव्हे. जुलै २०२५ मध्ये आमच्या विदर्भाने याचे उत्तम उदाहरण पाहिले. नागपूरच्या दिव्या देशमुखची बाटुमी येथील महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीशी दोन्ही पारंपरिक डावांत बरोबरी झाली. मग जलद डाव खेळवले गेले आणि दिव्या दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने जिंकली. जलद बुद्धिबळ म्हणजे पारंपरिक बुद्धिबळ नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. पण निर्णय पटावरच झाला, कोणी किती प्यादी मारली हे मोजून नाही.

मात्र छोटी आवृत्तीही बरोबरीत सुटू शकते. मग काय? येथे आम्ही अशा एका उपायाची बाजू मांडणार आहोत ज्याला सुशिक्षित माणूस हसतो: चिठ्ठी. आपल्या निवडणुकांत हिला 'ईश्वरचिठ्ठी' असे सुंदर नाव आहे. ग्रामपंचायतीच्या निकालानंतर एखादे लहान मूल चिठ्ठी उचलते आणि पाच वर्षांचा कारभार ठरतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली, आणि चिठ्ठीने शहा नगरसेवक झाले. संसद आणि विधानसभांच्या निवडणुकीसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६५ हेच सांगते. त्याची शब्दरचना विचार करण्याजोगी आहे: चिठ्ठी ज्याच्या नावे निघेल त्याला जणू एक जादा मत मिळाले, असे समजून निकाल द्यावा. 'जणू' या शब्दात कायद्याचा सारा प्रामाणिकपणा आहे. विजेता अधिक योग्य होता असे कायदा म्हणत नाही. कोणाला तरी खुर्चीवर बसवणे भाग आहे, म्हणून आपण सर्वांनी एक मत मानून घेऊ, इतकेच तो म्हणतो.

चिठ्ठीचा मोठा गुण हा की ती हरणाऱ्याचा मान राखते. चौकार मोजून हरलेल्याला आयुष्यभर वाटत राहते की आपल्याला कमी लेखले गेले. चिठ्ठीत हरलेला ताठ मानेने सांगू शकतो की आम्ही समान होतो, दैवाने कौल दिला. दुसरा गुण असा की चिठ्ठी कधीही बरोबरीत सुटत नाही. निकषांच्या यादीत तुम्ही दहा पायऱ्या लिहिल्या तरी दहाव्या पायरीवरही दोघे समान निघणे शक्य असते. म्हणून शेवटची पायरी ही अशीच असावी लागते. वर उल्लेखिलेल्या प्रीमियर लीगच्या फँटसी स्पर्धेतही चषकाच्या लढतीतले इतर निकष थकले की अखेर नाणेफेकच होते, संगणकाने केलेली.

आक्षेप उघड आहे: पारखीच्या खेळात दैवाला जागा कशी? हा आक्षेप फँटसी खेळांच्या बाबतीत केवळ तात्त्विक नव्हता, तो कोर्टात लढला गेला. ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कौशल्याचा असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्या एका भेदावर हा सारा व्यवसाय उभा राहिला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, आणि त्या कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पैसा निघून गेला. उरल्या त्या आमच्यासारख्यांच्या वह्या. त्यामुळे आक्षेपाचे उत्तर आता आम्हालाच दिले पाहिजे. ते असे: जोवर पारखीत फरक आहे तोवर चिठ्ठीला जागा नाही. पारख संपूर्ण मोजून झाली आणि फरक निघाला नाही, तर त्यानंतरचा कोणताही निकष चिठ्ठीच असतो, फक्त तो तसे कबूल करत नाही. आमच्या 'कर्णधाराच्या गुणां'त आणि चिठ्ठीत खरा फरक एकच होता. चिठ्ठी खोटे बोलली नसती.

याच्याही आधीचा एक प्रश्न आपण विचारायला विसरतो: बरोबरी मोडायलाच हवी काय? टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी उंच उडीत कतारचा बार्शीम आणि इटलीचा टांबेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले. पुढे आणखी उड्या मारून निर्णय लावता आला असता. त्यांनी सुवर्ण वाटून घेतले. उपांत्य लढतीत हे शक्य नाही, कारण पुढची जागा एकच असते. पण अंतिम लढतीनंतर पुढे काहीच नसते. तेथे दोन अध्यक्ष झाले तर कोणाचे काय बिघडते? आमच्या गावात तर एका मंडळाला दोन अध्यक्ष असणे ही मुळीच अपूर्व गोष्ट नाही.

या सर्व विचाराअंती आमचे मत असे बनले आहे. बरोबरी मोडण्याचे नियम लिलावाच्या आधी लिहावेत, आणि सर्वांनी त्याखाली सही करावी. अंतिम लढत बरोबरीत सुटली तर मान वाटून द्यावा. उपांत्य लढतीत बरोबरी झाली तर साखळीत वर असलेल्याला पुढे जाऊ द्यावे. कारण तो क्रमांक त्याच खेळाने, त्याच गुणांनी, सात आठवडे घेऊन ठरवलेला असतो, आणि त्याच्या मागे लागल्याने खेळ बिघडत नाही. साखळीतील क्रमांकही समान असतील तर चिठ्ठी. मधल्या पायऱ्यांचा मोह टाळावा. धावफलकात पुढे दुरुस्ती झाली तर ती किती दिवसांपर्यंत धरायची, हेही त्याच पानावर असावे. आणि ज्याचा विचारच केला नव्हता असे काही उद्भवले, तर त्या वर्षी सरळ चिठ्ठी टाकावी व नवा नियम पुढच्या मोसमापासून लागू करावा. वही राखणाऱ्याला निकाल लिहिण्याचा अधिकार असावा, शोधण्याचा नसावा.

हे नियम आम्ही २०२५ च्या मोसमापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि ती वही घेऊन त्या शेतकऱ्यांकडे गेलो. त्यांनी सारे वाचले. पहिल्याच नियमाने गेल्या वर्षी ते पुढे गेले असते, हे त्यांच्या ध्यानात आले असणारच. पण ते त्याविषयी काही बोलले नाहीत, आणि आम्हीही मागचा निकाल बदलण्याची भाषा केली नाही. त्यांनी एकच विचारले: चिठ्ठी कोण उचलेल? आम्ही म्हटले, तुम्ही सांगा. ते म्हणाले, गुरुजींची नात. मग सही करून त्यांनी वही आमच्या हाती दिली.

त्या मोसमात चिठ्ठी टाकण्याची वेळ आली नाही. गुरुजींची नात मात्र प्रत्येक रविवारी येऊन विचारत असे, की आज तरी कोणी बरोबरीत आहे काय.